पॉवर बँक, आठ महिन्यांनंतर: बॅटरी फुगली आणि विकणारा गायब

ही २०,००० एमएएचची पॉवर बँक ऑनलाइन मागवली त्याला आठ महिने झाले. पहिले पाच महिने तक्रारीला जागा नव्हती. फोन अडीच वेळा चार्ज व्हायचा, आणि तेवढंच अपेक्षित आहे. खोक्यावरचा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. बाहेर मिळणाऱ्या ५ व्होल्टच्या हिशेबाने त्याचे १४,८०० होतात, शिवाय थोडं उष्णतेत जातं.

सहाव्या महिन्यापासून चार्जिंगला लावली की चांगलीच तापायची. मग एक दिवस टेबलावर डुगडुगायला लागली. आधी टेबलावरच संशय घेतला. पट्टी आडवी धरून बघितलं तर मधोमध पोट सुटलेलं, आणि कडेच्या सांध्यात नख शिरेल एवढी फट. आत वायू धरून सेल फुगले होते. अशी वस्तू परत चार्जिंगला लावायची नाही, टोचायची-दाबायची नाही आणि रोजच्या कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही. माझी सध्या पत्र्याच्या डब्यात, पडद्या-कागदांपासून लांब ठेवलीय. ई-कचऱ्यात देताना फुगल्याचं सांगून देणार.

खरा मनस्ताप पुढे झाला. ऑर्डरमधल्या लिंकवर गेलो तर पान गायब, विक्रेत्याचं खातंही बंद. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, नुसता मॉडेल नंबर आणि सीई अशी दोन अक्षरं, म्हणजे वस्तू युरोपीय संघाचे नियम पाळते असा दावा. ती अक्षरं बहुतेक वस्तूंवर उत्पादक स्वतःच्याच जबाबदारीवर लावतो. इथे तो उत्पादकच सापडत नव्हता. साइटवाल्यांचं उत्तर ठरलेलं: आम्ही फक्त विक्रेत्यांना जागा देतो.

जुने कायदे उत्पादक, आयातदार आणि दुकानदार धरून लिहिलेले, त्यामुळे हे उत्तर खपून जायचं. युरोपीय संघाने वस्तूंच्या सुरक्षिततेचे २००१ चे नियम बदलले, नवे १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाले. आता तिथे उत्पादकाचं नाव, टपालाचा पत्ता आणि ईमेल वस्तूच्या पानावरच द्यावा लागतो. तो संघाबाहेरचा असेल तर संघातली एक जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी दाखवावी लागते. धोकादायक वस्तूबद्दल सरकारी यंत्रणेचा आदेश आला की साइटने दोन कामकाजाच्या दिवसांत वस्तू उतरवायची. मला सगळ्यात आवडलेलं कलम म्हणजे माल परत मागवण्याच्या सूचनेत ‘स्वेच्छेने’, ‘खबरदारी म्हणून’ असले धोका सौम्य करणारे शब्द चालत नाहीत. अमेरिकेतही जुलै २०२४ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने, इतरांचा माल आपल्या गोदामातून पाठवणाऱ्या अ‍ॅमेझॉनला त्या मालाची वितरक, म्हणजे कायद्याने जबाबदार, ठरवलं. प्रकरणात वेळेवर न वाजणारे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्मही होते.

माझा एक स्टार, तोही पहिल्या पाच महिन्यांचा. तेच फोटो, तीच पॉवर बँक आता दुसऱ्या नावाने विकायला आहे. तिथे हे लिहायला गेलो तर उत्तर आलं, ‘ही वस्तू तुम्ही खरेदी केलेली नाही.’