स्वीडिश पूर्वज शोधायचेत? फुकटची प्रत, पैशांची प्रत की नावांची सूची

घरात स्वीडिश वंशाची सून किंवा जावई असेल आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ करायची असेल, तर बहुधा ‘खापरपणजोबा स्वीडनहून अमेरिकेत आले’ एवढ्या एका वाक्यापासून सुरुवात करावी लागते. एवढ्यावरही काम होतं. 19व्या शतकाच्या मध्यापासून 1930पर्यंत 12 लाखांहून जास्त स्वीडिश माणसं देश सोडून गेली, आणि जाण्याआधी त्यांतल्या बहुतेकांची नोंद चर्चच्या वहीत झालेली होती. 1686च्या चर्च कायद्याने पाद्र्यांवर तशी सक्तीच होती.

पैसे कुठे घालायचे ते ठरवण्याआधी एक प्रश्न: पूर्वजांचा धर्मग्राम, म्हणजे ते ज्या चर्चच्या हद्दीत राहत होते तो परिसर, माहीत आहे का? वह्या धर्मग्रामानुसारच लावलेल्या आहेत. नुसतं ‘स्वीडन’ किंवा ‘स्मोलांड’ असं प्रांताचं नाव माहीत असून भागत नाही.

माहीत असेल तर रिक्सआर्किवेट, म्हणजे तिथलं राष्ट्रीय अभिलेखागार. 2018पासून त्यांचं ऑनलाइन दालन सगळ्यांना मोफत आहे. उणीव आहे ती चित्रांच्या दर्जाची. बहुतेक पानं जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेली, कृष्णधवल. शाई फिकी असेल किंवा पान डागाळलेलं असेल, तर अक्षर आणि डाग यांत फरक कळत नाही.

आर्किवडिजिटल ही खासगी कंपनी आहे, वर्गणी भरावी लागते. त्यांनी मूळ वह्यांचे नव्याने रंगीत फोटो काढलेत. माझ्या मते 18व्या शतकात शिरायचं असेल तर हे पैसे वसूल होतात. त्या काळची लिपी जर्मन वळणाची, मधूनच लॅटिन, आणि तारखेच्या जागी पुष्कळदा सणाच्या रविवारचं नाव. अशा पानावर रंगाचा आधार फार मोठा. 1850नंतरचंच काम असेल, तर आधी फुकटचं पान उघडून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर निभावतं.

धर्मग्राम माहीत नसेल तर मायहेरिटेज, अ‍ॅन्सेस्ट्री, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळांवरच्या नावांच्या सूच्या. फॅमिलीसर्च मोफत, बाकी दोघांची वर्गणी. इथे नाव टाकलं की निकाल येतात, पण अडचणही नावाचीच. खेड्यापाड्यांत बहुतेकांना कायमचं आडनाव नव्हतं. कार्लचा मुलगा आंदर्स कार्लसन, आणि आंदर्सची मुलगी आना आंदर्सदोतर. हीच आना अमेरिकेत अँडरसन झालेली असते. लग्नानंतरही स्वीडिश वहीत ती बापाच्याच नावाने राहते. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका, पूर्ण जन्मतारीख जुळली तरच पुढे जा. रिक्सआर्किवेटवर 1880, 1890, 1900 या जनगणनाही नावाने मोफत शोधता येतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माणूस त्या वर्षी स्वीडनमध्ये होता, तर वर्गणीची गरजच पडत नाही. आणि तो अमेरिकेत ज्या स्वीडिश ल्युथरन चर्चमध्ये जात होता, तिथलं सभासदांचं रजिस्टर जरूर बघा. अमेरिकन जनगणनेत फक्त देश असतो, या रजिस्टरात बऱ्याचदा जन्माचा धर्मग्रामच लिहिलेला सापडतो.

आता कोणती वही उघडायची. बहुतेक जण बाप्तिस्म्याच्या वहीकडे धावतात. मी सांगेन, घरपरीक्षेची वही घ्या. पाद्री दरवर्षी घरोघरच्या माणसांची वाचनाची आणि ल्युथरच्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीची परीक्षा घ्यायचा, त्याची ही नोंद. पानाच्या माथ्यावर गाव आणि वाडीचं नाव. खाली घरधनी, बायको, मुलं, मग गडी आणि मोलकरीण. प्रत्येकासमोर जन्मतारीख, जन्माचा धर्मग्राम, वाचता किती येतं याच्या खुणा, कधी देवीची लस टोचल्याची नोंद. माणूस वारला किंवा गाव सोडून गेला की नावावर आडवी रेघ, आणि शेजारी कुठे गेला ते. एक पान अनेक वर्षं चालतं, त्यामुळे एकाच ठिकाणी अख्खं घर हाती लागतं. 16 वर्षांची मुलगी मोलकरीण म्हणून शेजारच्या धर्मग्रामात गेली, तर तो धर्मग्राम उघडायचा आणि तिचा माग पुढे चालू ठेवायचा. सूचीतून तारीख मिळते, पण ती मुलगी कोणाच्या घरी राबली हे या पानाशिवाय कळत नाही. म्हणून सूचीवर नाव सापडलं तरी तिथे थांबू नका, मूळ पान उघडाच.

साधारण 1895नंतर या वहीची जागा धर्मग्रामाच्या नव्या रजिस्टराने घेतली. मांडणी जवळपास तीच, परीक्षेच्या खुणा गेल्या.

थोडक्यात, धर्मग्राम माहीत असेल तर रिक्सआर्किवेट, आणि अक्षर लागत नसेल तेवढ्यापुरती आर्किवडिजिटलची वर्गणी. माहीत नसेल तर आधी फॅमिलीसर्च आणि जनगणना, तिथे हाती काही लागलं नाही तरच मायहेरिटेज किंवा अ‍ॅन्सेस्ट्री. गेल्या 70 वर्षांतली माणसं मात्र यांतल्या चर्चच्या वह्यांत शोधू नका, त्या नोंदींना गोपनीयतेचा नियम लागू आहे. 1 जुलै 1991पासून तर लोकसंख्येची नोंद चर्चकडून कर खात्याकडे गेली आहे, त्यामुळे त्यानंतरची चौकशी तिथेच करावी लागते.