'मोरबीहून डायरेक्ट' फरशी: १,५३,७७० रुपये गेले, नाशिककरांनो खोकी जपून ठेवा

एक लाख त्रेपन्न हजार सातशे सत्तर. वर मिस्त्रीची मजुरी ४१,०००. आकडा मुद्दाम आधी लिहिते, कारण नातेवाइकांत आम्ही आजवर "थोडंफार नुकसान झालं" एवढंच सांगत आलो. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजते, खोटी नोट बोटांना कळते. म्हणून लाज जास्त वाटते, आणि राग तर विचारूच नका.

इंदिरानगरला आमचं जुनं रो-हाऊस आहे. खाली-वर मिळून ८४० चौरस फूट फरशी, सगळा कोटा दगड. २०२७ च्या सिंहस्थाला माहेरचे, सासरचे, सगळे उतरणार, तेव्हा त्याआधी घर जरा बरं करावं असं ठरलं. सासूबाई म्हणत होत्या, कोट्याला पॉलिश मारा, नव्यासारखा होईल. त्यांचं कुणी ऐकलं नाही. मिस्त्री तर हसला, "आजी, आता हॉस्पिटलातसुद्धा कोटा लावत नाहीत." तो कोटा उखडायचे त्याने मजुरीतच ६,००० धरले आणि चांगल्या अखंड लाद्या टेम्पोत घालून नेल्या. "राडारोडा टाकून येतो," म्हणाला. कुठे टाकला ते आता कळतंय.

हा मिस्त्री शेजारच्या गल्लीत दोन घरं करून आलेला, काम आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. त्यानेच पाथर्डी फाट्याच्या पुढे सर्व्हिस रोडवरच्या एका गाळ्यात नेलं. "नाशकातल्या द्वारका सर्कलच्या शोरूममध्ये एसीचे पैसे तुम्हीच भरता ताई, हा मोरबीहून डायरेक्ट माल उतरवतो." गुजरातेतल्या मोरबीचं नाव घेतलं की आपण गप्पच होतो, कारण देशातली निम्म्याहून जास्त टाइल तिथेच बनते हे खरं आहे. चांगला माल तिथला, आणि सेकंडचा, म्हणजे खोट निघालेला, मालही तिथलाच, हे कोण सांगणार?

गाळ्यात मांडणी अशी की डोळे दिपावेत. पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली इटालियन मार्बलच्या शिरा छापलेल्या चकचकीत फरश्या उभ्या. त्या उजेडात शेणाने सारवलेली जमीनही चमकेल. शेठने मात्र आम्हाला छापाच्या फरशीपासून परावृत्त केलं, आणि इथेच आमचा विश्वास बसला. म्हणाला, "ही जीव्हीटी, वर नुसती प्रिंट आणि ग्लेझ. जिन्याजवळ, हॉलमध्ये पाच-सात वर्षांत चालून चालून छाप झिजतो. तुम्ही डबल चार्ज घ्या." एक तुकडा उभा धरून कड दाखवली: वरचा रंगाचा थर चांगला तीन-चार मिलिमीटर, खाली फिकट अंग. ओरखडा पडला तरी रंग जात नाही. त्याने सांगितलेलं अक्षरन्अक्षर खरं होतं. मी नंतर चार ठिकाणी विचारून खात्री केली. फसवणारा माणूस मालाबद्दल खोटं बोलतच नाही हो, तो माल दाखवतो एक आणि पाठवतो दुसरा.

दोन बाय दोन डबल चार्ज, बदामी रंग, ९२ रुपये फूट, ६० खोकी, ८८,३२०. दोन बाथरूमच्या भिंतींच्या टाइल्स ३१,४००. बाथरूमच्या जमिनीला अँटीस्किड ६,७५०. ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स, म्हणजे डॅडो, ९,२००. चिकटवायचं ॲढेसिव्ह, स्पेसर, सांधे भरायचं इपॉक्सी १४,६००. टेम्पो आणि हमाली ३,५००. करा बेरीज.

आता ते ८८,३२० कसे झाले बघा. त्याने खोक्याला १६ फूट धरले. चार फरश्या, प्रत्येकी दोन बाय दोन, म्हणजे सोळा. तोंडी हिशेब बरोबर. पण ती फरशी असते ६०० बाय ६०० मिलिमीटरची आणि ६०० मिलिमीटर म्हणजे दोन फूट नव्हे, थोडं कमी. खोक्यात भरते १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा फूट. साठ खोक्यांत ३० फूट हवेत गेले, २,७६० रुपये. हे नाशिकमध्ये कितीतरी दुकानांत सर्रास चालतं आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. भाव ठरवताना "खोक्याला किती फूट धरता?" हे आधी विचारा आणि खोक्यावर छापलेला आकडा वाचा.

५०,००० यूपीआयने दिले. खात्यावर भलतंच नाव आलं, तो म्हणाला पुतण्याचं आहे. ८०,००० रोख. उरलेले २३,७७० सगळा माल पडल्यावर. पक्कं बिल मागितलं तर म्हणे १८ टक्के जीएसटी वर लागेल, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस हजार. मला आता साळसूदपणे "रोख का दिलेत?" विचारणाऱ्यांनी स्वतःच्या घराच्या फर्निचरची पक्की बिलं आधी दाखवावीत. आणि घाई त्याने कशी लावली? "कुंभमेळ्याची कामं निघाली की नाशकात मिस्त्री हाताला लागणार नाही, भाव पण चढणार." यात काय खोटं होतं? पेपरात तेच येत होतं.

पहिली खेप आली २० खोक्यांची, सोबत बाथरूमचा माल. एकदम चोख. हॉलमध्ये ती बसली आणि घर उजळलं. ह्यांनी स्वतः कड तपासली, थर बरोबर. त्याच दिवशी रोखीचे ८०,००० गेले. फसवायचं असेल त्याने पहिला घास गोडच द्यायचा असतो.

दुसरी खेप ४० खोक्यांची. मार्चएंडचा आठवडा. मी संस्थेतून रात्री साडेआठला आलेले, दारात टेम्पो उभा. हमाल खोकी उतरवत होते. प्रत्येक खोक्याच्या आखूड बाजूला, एकाच जागी, वीतभर तपकिरी चिकटपट्टी. त्यातल्या एका पोरसवदा हमालाने मला विचारलं, "ताई, सगळ्यांना एकाच जागी पट्टी का मारलीय हो?" मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री बोलला, "अवकाळीचे दिवस आहेत, भिजू नये म्हणून." आणि पोरावर खेकसला, "तू गुमान उतरव." तेव्हा अवकाळी चालूच होता, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचं वाटोळं झाल्याच्या बातम्या रोज. पटलं मला! वीतभर पट्टीने आख्खं खोकं कसं काय भिजायचं थांबतं, हा प्रश्न दिवसभर लोकांच्या खात्यांचा ताळेबंद जुळवून आलेल्या बाईला रात्री साडेआठला पडायला हवा होता म्हणे. असं आमचे दीर म्हणतात. दीर त्या वेळी पुण्यात होते.

त्या पट्टीखाली काय असतं ते सांगते. तिथे छापलेला किंवा शिक्का मारलेला असतो ग्रेड, शेड नंबर, बॅच. प्रीमियम, स्टँडर्ड की कमर्शियल, ते तिथे कळतं. शेड नंबर वेगळा असेल तर एकाच नावाच्या दोन फरश्या शेजारी-शेजारी दोन बहिणींसारख्या दिसतात, जुळ्यांसारख्या नाही. नुसती पट्टी उचकटली असती तरी सगळं उघडं पडलं असतं.

आणि रिकामी खोकी? मिस्त्रीचा मुलगा रोज संध्याकाळी गोळा करून न्यायचा. "रद्दीत देतो ताई, चहापाणी सुटतं." मी म्हटलं, ने बापडा, तेवढीच घरातली घाण कमी. पुरावा आम्हीच दारातून हसतमुखाने बाहेर पाठवत होतो.

भांडं फुटलं ते सुताराच्या हातून. वरच्या बेडरूममध्ये दाराचा मॅग्नेट बसवायला त्याने भोक पाडलं आणि कपची उडाली. कपचीची कड लालसर. वर कागदासारखा पापुद्रा, खाली विटेसारखं अंग. सुतारच म्हणाला, "मॅडम, ही व्हिट्रिफाइड वाटत नाही." डबल चार्ज ही व्हिट्रिफाइडच, म्हणजे घट्ट भाजलेली, पाणी न पिणारी फरशी. माळ्यावर उरलेली एक फरशी होती. ती पालथी घालून मी चमच्याने थोडं पाणी टाकलं. हॉलच्या उरलेल्या तुकड्यावर टाकलेलं पाणी तसंच थेंब धरून बसलं होतं, फडक्याने पुसलं तर डागही नाही. ह्या फरशीने ते डोळ्यांदेखत पिऊन टाकलं आणि गडद गोल उमटला. व्हिट्रिफाइड फरशी वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी घेत नाही. ही साधी सिरॅमिक, तीही सेकंडची. सकाळी खिडकीतून आडवा उजेड आला की फरश्यांचे कोपरे वर-खाली झालेले दिसतात, पोटात फुगलेल्या आहेत. ओळखीच्या दुसऱ्या दुकानदाराने पाहून सांगितलं, ह्याला फुटाला ३८ रुपयांच्या वर कुणी देणार नाही. ४० खोक्यांचे आम्ही ५८,८८० मोजले होते.

मग बाकीचंही तपासलं. अँटीस्किड म्हणून बसवलेली नुसती मॅट आहे, साबणाच्या पाण्यात पाय सरकतो. सासूबाई भिंत धरून आंघोळीला जातात. तरी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागतं. इपॉक्सी म्हणून भरलेलं साधं सिमेंटचं ग्राउट निघालं, ओट्यामागे हळद-तेलाने पिवळं पडलं. बेडरूममध्ये रुपयाच्या नाण्याने ठोकलं तर निम्म्या फरश्या पोकळ वाजतात, म्हणजे ॲढेसिव्हच्या गोण्यांचंही काय झालं ते देवाला ठाऊक. मिस्त्रीचा फोन बंद. गाळ्यावर गेलो तर तिथे बॅटरीवाला बसलेला, म्हणे आधीचा भाडेकरू महिन्याच्या कराराने होता.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. पोलिसांकडे गेलो. पहिला प्रश्न, "फरशी बसवून घेतलीत ना? मग?" दुसरा, "चोरी झालीय का?" मी म्हटलं, दाखवला एक माल आणि दिला दुसरा, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. साहेब म्हणाले, "मॅडम, कलमं आम्हाला शिकवू नका, हे दिवाणी आहे, ग्राहकवाल्यांकडे जा." अर्ज घेतला, त्यावर पोच द्यायला अर्धा तास वाद घातला. पुतण्याच्या खात्याचं नाव आणि यूपीआयचा नंबर कागदावर लिहून दिला होता. एक फोन तरी लावायचा! तेवढ्यात कुठल्याशा नगरातल्या वरातीच्या डीजेची तक्रार आली आणि आम्ही बाकावर.

करवाल्यांच्या एका कार्यालयात गेलो, कारण शेठने दिलेल्या हिशेबाच्या कागदावर जीएसटी नंबर होता. नंबर २४ ने सुरू होणारा. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा २७ असतो. पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द. म्हटलं, आता तरी पकडतील. तिथल्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला, "ह्यावर वर काय लिहिलंय? एस्टिमेट. हे बिल नाही. बिल नाही तर विक्री नाही." विक्री नाही! मग माझ्या घरात काय आहे, गालिचा? बिल न देणाऱ्याची तक्रार करायची तर बिल दाखवा. ही कोणती तऱ्हा? आणि जाता जाता मला सुनावलं, "तुम्हीही रोख दिलेत ना?" म्हणजे चोर सोडून माझीच चौकशी.

ग्राहक तक्रारीसाठी चौकशी केली तिथे दुसराच सूर. निकृष्ट मालाचं म्हणणं असेल तर प्रयोगशाळेच्या तपासणीचा मुद्दा येईल म्हणे, नमुना लागेल, बसवलेली फरशी उखडून द्यावी लागेल कदाचित. प्रतिवादीचा पत्ता काय? बॅटरीवाल्याचा? वकिलाने १५,००० सांगितले. कुणी टेबलावरून मान वर करून "कधी झालं, कुणी केलं" असं माणसासारखं विचारलं नाही. प्रत्येकाचं बोट दुसऱ्या इमारतीकडे.

तरी मी अर्ज भरतेय, वकिलाशिवाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि तक्रार स्वतः मांडता येते. मुदत दोन वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नंबर घेऊन ठेवलाय. यूपीआयचा स्टेटमेंट, एस्टिमेटचा कागद, कपची, माळ्यावरची फरशी, सगळं पिशवीत आहे.

ज्यांचं काम चालू आहे त्यांनी आजच्या आज करा: खेप उतरताना प्रत्येक खोक्याच्या शिक्क्याचा फोटो. पट्टी दिसली की उचकटा, हमाल चिडले तरी चालतील. प्रत्येक खेपेतलं मधलंच कुठलं तरी खोकं फोडून पालथ्या फरशीवर पाणी टाका, वरचं खोकं तो चांगलंच ठेवतो. बसवण्याआधी, कारण बसवल्यावर तक्रार ऐकणार नाही असं कंपन्या खोक्यावरच छापतात. रिकामी खोकी शेवटचा हप्ता देईपर्यंत घरात. नमुना शोरूमच्या दिव्याखाली पसंत करू नका, घरी आणून सकाळ-संध्याकाळ जमिनीवर ठेवून बघा, बाथरूमचा नमुना तर साबणाचं पाणी टाकून त्यावर उभं राहून. मिस्त्री आणि दुकान एकाच तोंडाने बोलत असतील तर फुटामागे त्याचं कमिशन आहे असं धरूनच चला. आणि घरात जुना कोटा धड असेल तर पॉलिशवाल्याचा भाव आधी काढा.

पाथर्डी फाट्याच्या त्या गाळ्यातून ज्यांनी गेल्या वर्ष-दीड वर्षात माल उचलला असेल त्यांनी आपला कागद काढून बघा, वर 'एस्टिमेट' आणि खाली २४ ने सुरू होणारा नंबर आहे का. असेल तर बेडरूमची एक फरशी तपासा आणि मला कळवा. सारख्या तक्रारीचे अनेक ग्राहक मिळून आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागू शकतात. माझा अर्ज पुढच्या आठवड्यात जातोय, त्याआधी नावं आली तर बरं.