वर्षभर वंशावळीची साइट वापरून: पणजी, फॉल रिव्हर आणि कापले गेलेले २९९ डॉलर

गेल्या मंगळवारी चहा गाळत होते, तेवढ्यात फोन वाजला. कार्डावरून २९९ डॉलर वजा. वंशावळ शोधायच्या साइटचं वर्ष संपलं होतं आणि मला न विचारता दुसरं सुरू झालं होतं. आधी सूचना पाठवली होती म्हणे. पाठवली असेल, पण ती ‘तुमच्या पूर्वजांबद्दल नवा दुवा सापडला!’ असल्या रोजच्या सोळा मेलांच्या ढिगात गेली असणार. रागाच्या भरात लिहायला बसले आहे, हे आधीच सांगते. साइटचं नाव देत नाही. या धंद्यातल्या मोठ्या साइटी थोड्याफार सारख्याच आहेत, आणि ज्यांनी वापरल्यात त्यांना प्लॅन, डीएनए किट, झाडाची पानं वगैरे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच: झाड म्हणजे साइटवर भरलेला आपला वंशवृक्ष, आणि किट म्हणजे थुंकी पाठवून नातेवाईक जुळवायची नळी.

मी मूळची सांगलीची, गेली एकोणीस वर्षं बॉस्टनजवळ. नवरा आयरिश वंशाचा. सासूबाईंचा पंचाऐंशीवा वाढदिवस जवळ आला तशी त्यांनी इच्छा बोलून दाखवली: त्यांची आजी ब्रिजेट आयर्लंडातल्या नेमक्या कुठल्या गावची, ते मरायच्या आत कळावं. घरात माहिती म्हणून दोनच गोष्टी चालत आल्या होत्या. एक, आजी एलिस आयलंडवरून, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या केंद्रातून आली. दोन, ती ‘फॉल’मध्ये, म्हणजे इथल्या पानगळीच्या दिवसांत आली. गावाबद्दल म्हणाल तर काउंटी मेयो, म्हणजे आयर्लंडातला एक जिल्हा. बस. आडनाव इथे लिहीत नाही. मेयोच्या पश्चिम टोकाला ते इतकं पसरलंय की लिहून उपयोगही नाही.

पहिले दोन महिने मी साइटवर जाम खूश होते. नाव टाकलं की कागद येतात. ब्रिजेटचं लग्न, मुलांचे जन्म, मॅसॅच्युसेट्समधली मृत्यूची नोंद, तीत आईवडिलांची नावंसुद्धा. आपल्याकडे आजोळचं चौथं नाव विचारलं की त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांच्या चोपड्या आठवतात. इथे स्वयंपाकघरात बसून सगळं. नवऱ्याला म्हटलं, पैसे वसूल.

मग एलिस आयलंडचा घोळ सुरू झाला. साइटवर चौदा जणांच्या झाडांत हीच ब्रिजेट होती आणि चौदाही जणांनी ‘आगमन १८८४, एलिस आयलंड’ असं लिहिलेलं. साइट हिरव्या अक्षरांत सांगते की चौदा झाडांचं एकमत आहे, स्वीकारा. आता एलिस आयलंडचं केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ ला. १८८४ मध्ये तिथे उतरणार कशी, पोहत? एकाने चूक केली, तेरांनी कॉपी मारली, आणि साइटला त्याचं कौतुक. खरी नोंद सापडली बॉस्टन बंदराच्या प्रवासी यादीत: १८८३, वसंत ऋतू, आईबाप आणि पाच भावंडं, ब्रिजेट वय सात. आडनावाचं स्पेलिंग असं की आपण कधी शोधलंच नसतं. ते साइटच्या शोधयंत्राने ओळखलं. याचं श्रेय देते, आणि पुढे जेव्हा शिव्या देईन तेव्हा हे लक्षात ठेवा.

सासूबाईंना मात्र हे रुचलं नाही. त्यांनी एलिस आयलंडवरच्या स्थलांतरितांच्या नावांच्या भिंतीवर पैसे भरून आजीचं नाव कोरून घेतलंय. “मग ते पैसे परत मिळतील का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. या घरात मी उगीच रमले नाही.

यादी मिळाली, गाव नाही. त्या काळच्या यादीत नाव, वय, लिंग, धंदा आणि देश, संपलं. मायदेशी जवळचा नातेवाईक कोण, त्याचा पत्ता काय, हा रकाना आला १९०७ नंतर. नागरिकत्वाच्या कागदांतही १९०६ पूर्वी बहुतेक ‘आयर्लंड’ एवढंच. बायकांचं तर वेगळंच, नवऱ्याला नागरिकत्व मिळालं की बायकोला आपोआप, त्यामुळे १९२२ पर्यंत त्यांचे स्वतःचे कागद क्वचितच. १८९० ची अमेरिकन जनगणना पाहावी म्हटलं तर तिची बहुतेक राख झालेली.

आणि आता ती चौकट. मला या साइटबद्दल एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी या चौकटीबद्दल सांगितलं असतं. झाडात माणसाचं जन्मगाव भरायची एक चौकट असते. तुम्ही टाइप करायला लागता, ती खाली सुचवते. सुचवलेलं निवडलं नाही तरी ‘सेव्ह’ दाबताच कधीकधी तीच आपलं घुसडते. आता आयर्लंडात पत्ता म्हणजे टाउनलँड. आपल्याकडची वाडी म्हणा, कधी दहा घरं, कधी एकही नाही. अशा ६० हजारांहून जास्त आहेत, एकाच नावाच्या कितीतरी. टाउनलँड कळली नाही तर मेयोमधल्या एखाद्या आडनावाच्या शंभर माणसांतून आपला माणूस वेगळा काढताच येत नाही. आणि या चौकटीला टाउनलँड हा प्रकारच मान्य नाही. तिला शहरं आवडतात. शक्यतो अमेरिकेतली.

हे मला कळलं ते मावससासूमुळे. सासूबाईंची थोरली बहीण, वय ९१. तिला आजी चांगली आठवते. तिच्याकडे दोन रविवार जाऊन फोनवर रेकॉर्डिंग केलं. बाकी सगळं आधी ऐकलेलंच होतं: आजी इतर बायकांशी आयरिशमध्ये बोलायची आणि मुलं आली की गप्प व्हायची, बटाटा सालासकट खायची. मग मावससासू म्हणाली, इथे वादळ झालं की आजी नाक मुरडायची, “हा कसला वारा? वारा, फॉल मोर.” म्हणजे पानगळीत वारा जास्त. यावरूनच घरात ठरलं होतं की ती पानगळीत आली.

मी तिथे चहा पीत बसले होते आणि माझ्या डोक्यात काहीच पेटलं नाही, हे कबूल करते. पेटलं सहा आठवड्यांनी.

डीएनए किट मी सेलमध्ये घेतलं होतं. नवऱ्याची नळीभर थुंकी पाठवली. निकालात आधी ‘९४ टक्के आयरिश’, जे त्याला उन्हात दहा मिनिटं उभं केलं असतं तरी कळलं असतं. पण जुळणाऱ्या नातेवाइकांत एक गृहस्थ निघाले, मेयोतल्या बेलमलेटच्या जवळ राहणारे, चौथ्या पायरीचे चुलतभाऊ. मी लांबलचक पत्र लिहिलं. दीड महिना काही नाही. मग एका रात्री उत्तर आलं. त्यांच्या घरातली आठवण अशी की पणजोबांचा भाऊ बायकामुलांना घेऊन एका सकाळी ‘ट्यूकच्या जहाजावर’ गेला, एकदा पत्र आलं, पुन्हा नाही. गाव फालमोर. शेवटी लिहिलं होतं, इथे वारा फार आहे, येणार असाल तर टोपी आणू नका.

फालमोर! आयरिशमध्ये ‘अन फाल मोर’. बेलमलेटच्या खाली समुद्रात घुसलेला मलेट द्वीपकल्प, त्याच्या दक्षिण टोकाला ही वाडी. आजी गावाचं नाव घेत होती आणि सत्तर वर्षं सगळं घर तिचं इंग्रजी सुधारून ऐकत होतं.

आनंदाने मी साइटवर गेले, चौकटीत ‘फालमोर’ टाइप केलं. चौकटीने सुचवलं: फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स. मी खोडलं. पुन्हा लिहिलं. फॉल रिव्हर. हे आमच्या घरापासून तासाभरावरचं गिरण्यांचं गाव. तिथे आयरिश कामगार भरपूर होते, त्यामुळे साइटला ते अगदी पटलं. दुसऱ्या दिवशी ब्रिजेटखाली मला फॉल रिव्हरच्या गिरणी कामगारांचे अकरा ‘नवे दुवे’ आले. कस्टमर केअरला तीन वेळा कळवलं. उत्तर आलं की स्थळांची नावं ‘प्रमाणित’ केल्याने शोध सोपा होतो. कोणाचा?

ट्यूकचं जहाज काय ते मी मग वाचलं. १८७९-८० ला पश्चिम आयर्लंडात पुन्हा बटाट्याचं पीक गेलं, खंड थकले, शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकणं सुरू झालं. मेयोतच जमीन चळवळ पेटली, कॅप्टन बॉयकॉटवर गावाने टाकलेला बहिष्कार १८८० चा. जेम्स हॅक ट्यूक हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे इंग्रज गृहस्थ. त्यांनी १८८२ ते ८४ या काळात वर्गणी आणि सरकारी मदतीतून सुमारे ९,५०० लोकांना पलीकडे पाठवलं, एकट्यादुकट्याला नव्हे, कुटुंबंच्या कुटुंबं. त्यातले ३,३०० च्या आसपास लोक १८८३ आणि ८४ मध्ये ब्लॅकसॉड उपसागरातून गेले. अॅलन लाइन या कंपनीची मोठी जहाजं पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून नौदलाच्या बोटी माणसं नेऊन सोडायच्या. ब्लॅकसॉडचा धक्का फालमोरहून चालत जाण्यासारखा. म्हणजे सात वर्षांची ब्रिजेट घरातून चालत निघाली आणि बॉस्टनला उतरली, मध्ये कुठलंही मोठं शहर न बघता.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशाचं. गाव कळल्यावर पुढचं सगळं मला फुकट मिळालं. आयरिश सरकारची आयरिशजीनिअलॉजी डॉट आयई ही साइट आहे. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं, पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू, मूळ पानांच्या फोटोसकट. नोंदणी सगळ्यांसाठी १८६४ पासूनची. कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या नोंदवह्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये खुल्या केल्या. १९०१ आणि १९११ ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, तीही मोफत. माझ्या पैशाच्या साइटवर यातलंच बरंच काही ‘जागतिक प्लॅन’च्या कुलुपामागे होतं. हे समजलं त्या रात्री मी जेवले नाही.

त्याआधीचं फारसं नाही, पण तो दोष साइटचा नाही. १९२२ च्या जूनअखेर यादवी युद्धात डब्लिनचा दप्तरखाना जळाला, त्यात १८२१ ते ५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. १८६१ आणि ७१ च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या आणि ८१ व ९१ च्या पहिल्या महायुद्धात लगदा करायला दिल्या.

फुकटच्या कागदांत मजा मात्र सशुल्कपेक्षा जास्त. ब्रिजेटचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत १२ मार्च १८७६ ला, आणि सरकारी नोंदीत जन्म २ एप्रिलला. जन्माच्या तीन आठवडे आधी बाप्तिस्मा! कारण साधं: नोंदवायची मुदत उलटली की दंड, म्हणून तारीखच पुढे सरकवली. ब्रिजेटची आई मला तिथेच आपली वाटली. खबर देणाऱ्या आईच्या नावापुढे सहीच्या जागी फुली. पण त्याच ओळीत तिचं माहेरचं आडनाव ठळक लिहिलेलं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नावसुद्धा बदलून टाकत, त्या मानाने शोधणाऱ्याचं नशीब थोर. मागे राहिलेला ब्रिजेटचा काका १९०१ मध्ये ५६ वर्षांचा आणि १९११ मध्ये ७१ चा. १९०९ पासून सत्तरी पार केलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन मिळू लागली होती, तेव्हा अख्ख्या आयर्लंडात माणसं अशी भराभर म्हातारी झाली.

तर मत काय? तीन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर म्हटलं असतं, एक पैसा घालू नका. आता थोडं मागे घेते. बॉस्टनच्या यादीतलं ते वेडंवाकडं स्पेलिंग मला एकटीला सापडलं नसतं. बेलमलेटचे गृहस्थही थुंकीच्या नळीशिवाय भेटले नसते, आणि ते किट एकदाच घ्यायचं असतं, त्याची यादी सबस्क्रिप्शन बंद केल्यावरही बघता येते. तेव्हा घ्यायचंच तर एक महिन्याचं घ्या, शनिवार-रविवार धरून, आणि पैसे भरल्याच्या दिवशीच ऑटो-रिन्यू बंद करा. त्याहीआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसा, आणि ते बोलतील ते तसंच्या तसं रेकॉर्ड करा. अर्थ लावत बसू नका.

कस्टमर केअरशी चाळीस मिनिटं भांडून २९९ पैकी २४० परत मिळाले. उरलेले ‘प्रक्रिया शुल्क’. त्यावरही तक्रार टाकली आहे.

एक राहिलंच. वाढदिवसासाठी याच साइटवरून वंशवृक्षाचं मोठं पोस्टर छापून मागवलं होतं, ६५ डॉलर, फ्रेम वेगळी. मी झाडात हाताने फालमोर भरलं होतं, दोनदा तपासलं होतं. पार्टीत सगळ्यांसमोर कागद सोडला, तर ब्रिजेटच्या नावाखाली सुंदर अक्षरात ‘फॉल रिव्हर’. सासूबाईंनी चष्मा लावला, माझ्याकडून पेन मागितलं, ‘रिव्हर’वर काट मारून शेजारी ‘मोर’ लिहिलं, आणि विचारलं, “याचे किती पडले?”