जुना गेमिंग कन्सोल, फुटबॉलचा गेम आणि ती कॉपीची पट्टी: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

कन्सोल मागच्या पिढीतला, ५०० जीबीचा, सेकंडहँड. सोबत एका नावाजलेल्या फुटबॉल मालिकेची सीडी, तीही वापरलेलीच, सीझन निम्मा संपल्यावर घेतलेली. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत आणि ग्राफिक्सवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यात शिरत नाही. गेम उत्तम आहे. माझं भांडण अपडेटशी आहे, त्यातही डाउनलोड संपल्यावर जी पट्टी सुरू होते तिच्याशी.

डाउनलोडबद्दल तक्रार नाही. केबलवाल्याचं ४० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, रात्री लावून झोपलं की सकाळी उतरलेलं असतं. पण त्यानंतर हा कन्सोल ‘अपडेट फाइल कॉपी करत आहे’ असं म्हणतो आणि घुमा होतो. झालेला बदल जुन्या गेममध्ये जागच्या जागी बसवायचा, तर ते नाही. अख्ख्या गेमची दुसरी प्रत शेजारी तयार करायची आणि ती झाली की पहिली पुसायची. अपडेट ७०० एमबीचं असो, गेम ४५ जीबीचा असेल तर ४५ जीबी नव्याने लिहिले जाणार आणि तेवढी रिकामी जागाही आधी द्यावी लागणार. ५०० जीबीतले हातात येतात ४०० च्या आसपास. म्हणजे बुटांचा रंग बदलणाऱ्या अपडेटसाठी मी अर्धा खेळून झालेला दुसरा गेम उडवायचा!

बुटांचं गमतीने लिहीत नाही. एका अपडेटच्या यादीत खरोखर नवे बूट आणि काही खेळाडूंचे सुधारलेले चेहरे होते. बाकी ‘स्थिरता वाढवली’. पट्टी साठ टक्क्यांवर आली की ‘१८ मिनिटे बाकी’चं ‘४१ मिनिटे बाकी’ होतं, आणि तोवर पंखा चटणी वाटायला घेतलेल्या मिक्सरसारखा ओरडत असतो.

हे लिहायला बसलो ते पावसाळ्यातल्या एका शनिवारामुळे. कॉपी निम्मी झाली आणि लाइट गेली. आमच्याकडे इन्व्हर्टरवर राउटर आणि दोन पंखे आहेत, कन्सोल नाही. लाइट आल्यावर स्क्रीनवर ‘डेटा करप्ट’. सीडी घातली तर सीडीवर असतो तो पहिल्या दिवसाचा गेम, त्यावर सगळे अपडेट्स परत. पुतण्या मित्रांना घेऊन आला होता, दर पाच मिनिटांनी ‘काका, झालं का?’ शेवटी पोरांनी कॅरम काढला. रात्री उशिरा गेम सुरू झाला तेव्हा मी हाक मारली, तर उत्तर आलं, ‘थांबा काका, क्वीन घेतलीये, कव्हर व्हायचीये.’

गेम कंपनीच्या मदत-चॅटवर मी साधं विचारलं होतं, की दर वेळी सगळा गेम नव्याने का लिहावा लागतो? समोरून सल्ला आला, गेम डिलीट करून पुन्हा इन्स्टॉल करा. म्हटलं, तेच तर करतोय. मग चॅट बंद, आणि सेवेला किती तारे द्याल ही विचारणा.

पूर्वी असं नव्हतं, कारण अपडेट काढायला पैसे पडायचे. एक्सबॉक्स ३६० या जुन्या कन्सोलच्या काळात मायक्रोसॉफ्ट अपडेटच्या पुन्हा तपासणीसाठी गेम बनवणाऱ्यांकडून शुल्क घ्यायची. २०१२ मध्ये फेझ या छोट्या गेमच्या दुरुस्तीतच अशी गडबड निघाली की काहींचा सेव्ह केलेला खेळ खराब व्हायचा. पण नवी दुरुस्ती परवडत नाही म्हणून तो खेळ बनवणाऱ्या पॉलिट्रॉनने आहे तीच परत ठेवली. २०१३ मध्ये ते शुल्क गेलं. छोट्या कंपन्या सुटल्या हे चांगलंच झालं, पण मोठ्यांनाही मोकळं रान मिळालं. आधी विका, मग दुरुस्त करा. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला, जुन्या पिढीच्या कन्सोलवर धड चालेना, आणि जेमतेम आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. पुढे सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने त्याचं सोनं झालं म्हणतात, पण ते अपडेट जुन्या पिढीच्या कन्सोलवर आलंच नाही. ज्यांच्यामुळे बोंब झाली, तेच पंगतीतून उठवले गेले.

आकाराचंही एक कारण आहे. फिरत्या हार्ड डिस्कला फाइल शोधायला वेळ लागतो म्हणून एकच वस्तू पुन्हा पुन्हा लिहून ठेवतात. २०२० मध्ये सोनीच्या पीएस५ कन्सोलची ओळख करून देताना तो घडवणारे मार्क सर्नी यांनी सांगितलं होतं, की स्पायडर-मॅन या गेममध्ये काही वस्तूंचा डेटा डिस्कवर चारशे वेळा आहे. अशी अडगळ हेलडायव्हर्स २च्या पीसी आवृत्तीतून २०२५ च्या अखेरीस काढली, तर दीडशे जीबीचा गेम २३ जीबीवर आला. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

इथवरचं मी सप्टेंबरच्या आधी लिहून ठेवलं होतं, आणि पुढे सिक्वेलवरही, म्हणजे त्याच गेमच्या दरवर्षी निघणाऱ्या पुढच्या भागांवरही, असाच जाळ काढणार होतो. कॉल ऑफ ड्यूटी हा बंदुकांचा गेम २००५ पासून एकही वर्ष चुकलेला नाही. फुटबॉलचा फिफा १९९३ ला सुरू झाला, दरवर्षी येत राहिला, २०२३ मध्ये नाव बदलून एफसी झाला, तरी येतोच आहे. जर्सी नवी, आकडा नवा, पैसे पुन्हा. सगळे हेच म्हणतात, मीही म्हणत होतो.

मग माझ्या गेमचा पुढचा भाग बाजारात आला आणि माझ्याकडच्या भागाला अपडेट यायचे थांबले. एकदम. सीडी घाला, बटण दाबा, शिट्टी वाजते, मॅच सुरू. ही चैन आधी कधी मिळाली नव्हती! नवे बूट नाहीत, ‘स्थिरता’ही वाढत नाही, आणि गेम मात्र पूर्वीपेक्षा स्थिर चालतो. कोणता खेळाडू कोणत्या क्लबात गेला याने पुतण्याला फरक पडतो, मला नाही. वर दुकानात तीच सीडी, जी मी चौदाशेला घेतली होती, आता पाचशेला पडून आहे.

त्यामुळे सिक्वेल खुशाल दरवर्षी काढा. ज्यांना पहिल्या दिवशी हवा त्यांनी पूर्ण पैसे भरावेत, वर्षभर कंपनीच्या चुका शोधून द्याव्यात, आणि माल तयार झाला की मी पाचशेत घेतो. सिक्वेल नसला म्हणजे सुख असंही नाही. जीटीए ५ २०१३ चा, तोच एक गेम कन्सोलच्या तीन पिढ्यांवर विकला, आणि त्याचं ऑनलाइन प्रकरण वर्षानुवर्षं फुगतच राहिलं.

मात्र हे फक्त ऑफलाइन चालणाऱ्या गेमबद्दल. ऑनलाइन मॅच मागितली की सर्व्हर लागतो, आणि तो किती दिवस ठेवायचा हे कंपनी ठरवते. द क्रू हा २०१४ चा मोटारींचा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने गाडी चालवायची सोयही गेली, सीडी कपाटात असली तरी. त्यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपात तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. जुनी सीडी घेताना दुकानदाराला आधी हेच विचारा, की नेट काढल्यावर चालतो का? माझ्या गेमचा करिअर मोड, म्हणजे एकट्याने खेळायचा भाग, चालतो, बघून घेतलं.

सगळे अपडेट वाईट असंही नाही. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोन यांनी एकट्याने बनवला, २०१६ मध्ये आला, आणि १.६ हे भलंमोठं अपडेट मार्च २०२४ मध्ये फुकट दिलं. कन्सोलवाल्यांना नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं, पण त्यात शेती, सण, गावकऱ्यांचं बोलणं असं खरंच काहीतरी होतं. गेमच छोटा, त्यामुळे कॉपी चहा गाळेपर्यंत उरकली. हे चालतं.

तर गेमला पाचपैकी चार, अपडेट्स थांबल्यापासून साडेचार. पट्टीला शून्य. ऑटोमॅटिक अपडेट बंद करून टाकलंय, पुतण्या कुरकुरतो, कुरकुरू दे. ‘आत एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, कॉपी भराभर होईल’ असं सांगणारे येतीलच. होते भराभर, मित्राकडे पाहिलंय. पण १ टीबीच्या एसएसडीच्या पैशात माझ्या पुढच्या आठ-दहा सीड्या येतात.