हाताने शिवलेला पहिला किल्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

२५ जानेवारीला, बर्न्स नाइटच्या (कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीच्या) जेवणासाठी, मी स्वतः शिवलेला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे कमरेभोवती नेसायचे चुणीदार वस्त्र, पहिल्यांदा नेसलो. आता सप्टेंबर संपत आला आहे. मधल्या काळात तो तीन लग्नांत, बऱ्याच नाचांत आणि एडिंबऱ्याच्या वाऱ्यापावसात पुरेसा वापरून झाला आहे.

कापड वारी १३ औंस वजनाचे, निव्वळ लोकरीचे; टार्टन, म्हणजे बहुधा एखाद्या कुळाशी जोडलेला चौकड्यांचा नमुना, ब्लॅक वॉच. माझे कोणतेही स्कॉटिश कूळ नाही. गडद निळ्या, काळ्या आणि हिरव्या रंगांचा हा टार्टन सरकारी पलटणीचा असल्यामुळे कुळाबाहेरच्या माणसालाही तो निःसंकोच नेसता येतो. दुहेरी पन्ह्याचे चार वार कापड लांबीत मधोमध कापून, त्याचा जोड एका चुणीच्या पोटात लपवून, मी आठ वार कापड केले. नऊवारी रोज पाहत वाढलेल्या मला आठ वार कापड एका कमरेभोवती मावते याचे नवल वाटले नाही. पण निऱ्या रोज नव्याने घालता येतात आणि किल्टच्या चुण्या एकदाच शिवायच्या असतात, हे ओझे सुई हातात घेतल्यावरच जाणवले.

माझ्या किल्टला पाठीमागे २७ चुण्या आहेत. प्रत्येक चुणी नितंबाशी पाऊण इंच रुंद असून कमरेकडे जाताना ती सूतभराहूनही (इंचाच्या आठव्या भागाहूनही) कमी निमुळती होते. परंतु मापात प्रत्येक चुणीमागे अर्धे सूत चुकले, तर २७ चुण्यांत ती चूक जवळजवळ पावणेदोन इंच भरते आणि बकले लागेनाशी होतात. शिवाय पाठीमागची चौकट पुढच्या सपाट, बिनचुण्यांच्या पदरासारखीच अखंड दिसावी, अशा रीतीने मी चुण्या घातल्या असल्यामुळे प्रत्येक टाक्याला आडव्या रेघा एकमेकींना जुळणे आवश्यक होते. काळा आणि गडद हिरवा दिव्याच्या उजेडात वेगळे ओळखू येत नाहीत. डिसेंबरात इथे पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे शनिवार-रविवारी दुपारपर्यंत खिडकीशी बसून जेवढ्या चुण्या होतील तेवढ्याच मी शिवत असे. ती मेहनत टिकली आहे: शिवलेल्या भागातील एकही रेघ आजवर सरकलेली नाही.

बिघडले ते आतले काम. चुण्या शिवून झाल्यावर शिवणीच्या आतले जादा कापड कापून काढतात, म्हणजे कमरेशी जाडी राहत नाही. मात्र त्याआधी चुण्यांच्या आतल्या पदरांना एकमेकांशी बांधणारी टाक्यांची एक आडवी ओळ घालावी लागते, जिला स्टीकिंग म्हणतात, आणि नंतर वर कॅनव्हास बसवतात. खाली लोंबणाऱ्या चुण्यांचे वजन ही ओळ आणि हा कॅनव्हास पेलतात. मी घाईने ती ओळ सैल घातली आणि कॅनव्हासऐवजी घरातले पातळ सुती कापड वापरले. चार महिने काही कळले नाही. जूनच्या सुरुवातीला पाठीच्या मध्यावर, शिवण जिथे संपते तिथे, दोन चुण्यांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट दिसू लागली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कापड चुरगळल्यासारखे ओढले गेले. अस्तर उसवून, दुहेरी दोऱ्याने घट्ट मागटाका घालून आणि जाड तागी कॅनव्हास लावून ते दुरुस्त करण्यात माझे दोन रविवार गेले. पहिला किल्ट शिवणाऱ्याला माझा आग्रहाचा सल्ला आहे की बाहेरून दिसणाऱ्या टाक्यांना जेवढा वेळ द्याल, तेवढाच अस्तराखालच्या या कामाला द्यावा.

वापरायला हे कापड उत्तम आहे. खालची कडा कापडाची मूळ किनारच असल्याने तिला तुरपाई नाही, आणि म्हणूनच नाचताना चुण्या मोकळ्या फिरतात. वाऱ्यात वजन पुरते. रिमझिम पावसाचे थेंब लोकरीवर बराच वेळ तसेच राहतात, झटकले की जातात. बसताना हात मागे नेऊन चुण्या सपाट करण्याची सवय लागेपर्यंत दर वेळी इस्त्री करावी लागली, तीही ओल्या फडक्यावरून. धुतलेला मात्र एकदाही नाही. ब्रश फिरवून हवेवर टांगतो. डावीकडचा पट्टा, जो पुढच्या दोन पदरांपैकी आतल्या पदरापासून निघून कमरेच्या चिरेतून बाहेर येतो, सर्वाधिक ताण सोसतो. त्याच्या मुळाशी चामड्याचा तुकडा लावून तो पुन्हा शिवला.

किल्ट उतरवला की पाठीची ती जागा मी अजूनही खिडकीच्या उजेडात धरून पाहतो. जूननंतर तिथे फट दिसलेली नाही.