ॲपल आणि गूगल प्लेची डेव्हलपर मेंबरशिप: बरेच महिने चालवल्यानंतरचं मत

फीचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. स्टोअरवर ॲप ठेवता यावं म्हणून ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर, गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर. त्या पैशांत काय काय मिळतं याच्या याद्याही जागोजागी सापडतात, त्या इथे पुन्हा देत नाही. दोन्हीकडे ॲप्स चालवताना ज्या एका गोष्टीने सगळ्यात जास्त डोकं उठवलं, ती म्हणजे ॲपलचा ‘अकाउंट होल्डर’. फी भरताना तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि पुढे कामं तिथेच अडतात.

ज्याच्या ॲपल अकाउंटवरून नोंदणी झाली तो अकाउंट होल्डर. एका टीमला असा एकच माणूस. ॲडमिन हवे तितके नेमा. त्यांना बिल्ड (ॲपची तयार आवृत्ती) चढवता येतं, सर्टिफिकेट (ॲप आपलंच असल्याचा डिजिटल दाखला) काढता येतं, माणसं जोडता-काढता येतात. पण मेंबरशिप रिन्यू करणं आणि कायदेशीर करार स्वीकारणं फक्त अकाउंट होल्डरच्या हातात. आणि कंपन्यांमध्ये ही नोंदणी बहुतेक वेळा त्या दिवशी मोकळा असलेला डेव्हलपर स्वतःच्या खासगी ईमेलवरून करून टाकतो. तो नोकरी सोडून गेला की काय होतं, याचा विचार त्या दिवशी कोणी केलेला नसतो.

हे दुखणं वर येतं ते नेमकं घाईच्या वेळी. ॲप उघडताक्षणी बंद पडतंय, दुरुस्ती झाली आहे, एक्सकोडमध्ये (ॲपलच्या ॲप बनवायच्या साधनात) अपलोडसाठीचं आर्काइव्हही झालंय. अपलोडला मात्र नकार येतो: आवश्यक करार नाही किंवा त्याची मुदत संपली आहे. फास्टलेन किंवा एखादं सीआय (बिल्ड आपोआप बनवून चढवणारी साधनं) वापरत असाल तर तोच नकार ४०३ (म्हणजे परवानगी नाही) च्या एररमध्ये येतो. मग टीम सर्टिफिकेट तपासते, प्रोव्हिजनिंग प्रोफाइल (ॲप कोणाचं आणि कुठे चालेल याची परवानगी-फाइल) नव्याने बनवते, एपीआय की (साधनांना खात्यात शिरू देणारी किल्ली) बदलून बघते. यातलं काही बिघडलेलं नसतं. ॲपलने लायसन्स ॲग्रीमेंटची नवी आवृत्ती काढलेली असते आणि ती स्वीकारायची राहिलेली असते. हा ४०३ दिसला की कोडकडे वळण्याआधी दोन ठिकाणं बघा: डेव्हलपर अकाउंटच्या पानावर वर आलेली सूचनेची पट्टी, आणि ॲप स्टोअर कनेक्टमधला (स्टोअरवरची ॲप्स सांभाळायच्या ॲपलच्या साइटवरचा) ‘बिझनेस’ विभाग. ॲडमिनला सूचना दिसते, स्वीकारायचा अधिकार नसतो. अकाउंट होल्डर प्रवासात असला किंवा त्याचा फोन बंद असला, तर दुरुस्त केलेलं बिल्ड तसंच पडून राहतं. विकतच्या ॲप्सचा आणि ॲपमधल्या खरेदीचा करार वेगळा असतो, त्यावरची सहीसुद्धा त्याचीच.

रिन्यूअलचंही तेच. मुदत संपायच्या ३० दिवस आधीपासून रिन्यू करता येतं. राहून गेलं, तर ज्यांच्या फोनमध्ये ॲप आहे त्यांचं चालू राहतं, पण स्टोअरवरून ते निघून जातं. नवं डाउनलोड बंद, अपडेट बंद. पैसे भरले की परत येतं, पण लगेच दिसेलच असं धरून चालू नका. ज्या दिवशी जाहिरातीवर खर्च चालू आहे त्या दिवशी असं झालं तर वाया जाणारा पैसा ९९ डॉलरच्या कितीतरी पुढे जातो. ऑटो-रिन्यूअल जिथे मिळतं तिथे चालू ठेवा, पण त्यामागचं कार्ड कोणाचं आणि त्याची मुदत कधी संपते हे लिहून ठेवा. कार्ड बदललं की ऑटो-रिन्यूअल नुसतं नावाला उरतं.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. नोंदणीच्या आधी कंपनीच्या डोमेनवर एक वेगळा ईमेल काढा, तो एकाच माणसाच्या पेटीत जाणार नाही असं बघा, आणि त्यावर नवं ॲपल अकाउंट उघडा. टू-फॅक्टरसाठी एकापेक्षा जास्त विश्वासू फोन नंबर जोडता येतात. कमीत कमी दोन जोडा, त्यातला एक कंपनीच्या ताब्यातला. अकाउंट मात्र खऱ्या माणसाच्या कायदेशीर नावावरच लागतं. टोपणनाव किंवा कंपनीचं नाव ‘नाव-आडनाव’च्या रकान्यात भरलं की पडताळणी रखडते. माणूस जाणार असेल तर तो असतानाच, त्याच्या लॉगिनमधून, अकाउंट होल्डरची भूमिका टीममधल्या दुसऱ्याकडे सोपवायची. ही सोय ऑर्गनायझेशन (संस्थेच्या नावाच्या) खात्यात आहे. तो निघून गेल्यावर करायचं म्हटलं तर सपोर्टशी पत्रव्यवहार आणि कागदपत्रं आली. राजीनाम्यानंतर लॅपटॉप जमा करून घेण्याच्या यादीतच हे काम घातलं पाहिजे.

इंडिव्हिज्युअल की ऑर्गनायझेशन, हा पुढचा प्रश्न. फी सारखीच, त्यामुळे काटकसरीचा इथे संबंध नाही. इंडिव्हिज्युअल घेतलं की स्टोअरवर विक्रेता म्हणून तुमचं कायदेशीर नाव दिसतं. ॲप स्टोअर कनेक्टमध्ये इतर माणसं जोडता येतात, पण सर्टिफिकेट आणि प्रोफाइलच्या बाजूला त्यांना प्रवेश नसतो. त्यामुळे दोघा-तिघांनी मिळून काम करायचं तर सर्टिफिकेटची खासगी की (गुप्त किल्ली-फाइल) एकमेकांत फिरवत बसावं लागतं. शिवाय बँकिंग, आरोग्य असे कडक नियमांचे विषय असतील तर ॲपलच्या नियमांप्रमाणे ॲप सेवा देणाऱ्या कायदेशीर संस्थेकडून यायला हवं, व्यक्तीकडून आलेलं चालत नाही. गूगलकडेही आर्थिक सेवा, आरोग्य, व्हीपीएन आणि सरकारी ॲप्सना ऑर्गनायझेशन खातंच लागतं. एकट्याने छंद म्हणून ॲप काढणाऱ्याला इंडिव्हिज्युअल पुरेसं आहे, बाकी कोणाला मी ते सुचवणार नाही. घेऊन बसला असाल तर ॲपलला विनंती करून तेच खातं ऑर्गनायझेशनमध्ये बदलून घेता येतं. त्यासाठी नवी मेंबरशिप विकत घेऊ नका.

ऑर्गनायझेशनसाठी डी-यू-एन-एस नंबर (कंपनीचा ओळख क्रमांक) लागतो, दोन्ही स्टोअरना. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपन्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था तो फुकट देते. लवकर मिळवून देतो म्हणून पैसे मागणारे भेटतील, त्यांना देऊ नका. अर्ज सगळ्यात आधी करा, ॲपचं काम सुरू व्हायच्याही आधी. गूगलच्या सूचनांमध्ये यासाठी ३० दिवसांपर्यंतचा अवधी धरायला सांगितलं आहे. नंबर मिळूनही अर्ज अडतो तो नावाच्या जुळणीपाशी. नोंदणीपत्रावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ पूर्ण लिहिलेलं, डन अँड ब्रॅडस्ट्रीटकडे त्याचं लघुरूप, गूगलच्या पेमेंट्स प्रोफाइलमध्ये जुना पत्ता: यातलं एक जरी वेगळं असलं तरी पडताळणी अडते. आधी डन अँड ब्रॅडस्ट्रीटकडची नोंद दुरुस्त करून घ्या, मग तिच्यात जसं आहे तसंच, स्वल्पविरामासकट, दोन्ही स्टोअरच्या फॉर्ममध्ये उतरवा. नोंद सुधारल्यावर ती स्टोअरपर्यंत पोचायला आणखी काही दिवस जातात. दुसऱ्याच दिवशी पुन्हा अर्ज टाकून उपयोग होत नाही.

गूगलबद्दलचं मत मध्येच बदललं. सुरुवातीला हिशेब सरळ वाटतो: २५ डॉलर एकदाच, दरवर्षीची कटकट नाही, म्हणजे हीच फायद्याची मेंबरशिप. महिने गेल्यावर असं वाटत नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या पर्सनल खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्ट (निवडक लोकांकडून चाचणी) घ्यावी लागते. पूर्वी २० टेस्टर लागत, डिसेंबर २०२४ पासून १२ लागतात, आणि ते सलग १४ दिवस टेस्टमध्ये राहायला हवेत. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. इंटर्नल टेस्टिंगमधले (त्याआधीच्या, आपल्या टीमपुरत्या चाचणीतले) लोक यात धरत नाहीत. नुसतं ईमेल यादीत घालणंही पुरत नाही, टेस्टरने लिंकवरून स्वतः सामील व्हावं लागतं. बरोबर १२ जण घेतले आणि एक जण मध्येच बाहेर पडला की मुदत पूर्ण धरली जात नाही. म्हणून अठरा-वीस जण घ्या. त्यानंतर प्रॉडक्शनचा (ॲप सर्वांसाठी खुलं करण्याचा) अर्ज येतो आणि त्यात टेस्टमध्ये काय कळलं, काय बदललं हे विचारतात. तिथे एका ओळीचं गुळमुळीत उत्तर देऊ नका. कोणत्या तक्रारी आल्या आणि कोणत्या आवृत्तीत त्या सोडवल्या हे नीट लिहा. ऑर्गनायझेशन खात्याला ही अट नाही. कंपनी असूनही डी-यू-एन-एसचा कंटाळा करून पर्सनल खातं उघडलं, तर त्यात वाचवलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ टेस्टर गोळा करण्यात जातो.

शिवाय एकदा पैसे भरले की विसरून जावं असं ते खातं नाही. टार्गेट एपीआय लेव्हल (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलेलं असावं तो आकडा) दरवर्षी वर सरकते. नवी ॲप्स आणि अपडेट्स यांना ३१ ऑगस्ट २०२५ पासून लेव्हल ३५ आवश्यक झाली, त्याआधीच्या वर्षी ती ३४ होती. फार मागे राहिलेली ॲप्स नवी अँड्रॉइड असलेल्या फोनवरच्या नव्या लोकांना दिसेनाशी होतात. निष्क्रिय पडलेली खाती बंदही केली जातात. वर्षातून एकदा तरी बिल्ड काढायचा खर्च धरला की २५ डॉलरचा स्वस्तपणा कागदावरच राहतो. उलट एक श्रेय गूगलला दिलं पाहिजे: प्ले कन्सोलमध्ये माणसांना ॲपवार बारीक अधिकार देता येतात, आणि प्ले ॲप साइनिंगमुळे (ॲपवरच्या डिजिटल सहीची मुख्य की गूगलकडे राहते) अपलोड की हरवली तरी ती बदलून मिळते. पूर्वी साइनिंग की गेली म्हणजे ॲपच गेलं असं होतं.

पत्त्याचा मुद्दा एकट्याने काम करणाऱ्यांनी आधी वाचावा. गूगलवर पर्सनल खात्यातून कमाई करत असाल तर पूर्ण पत्ता सर्वांना दिसतो. ॲपलवर युरोपियन युनियनमध्ये ट्रेडर (व्यावसायिक विक्रेता) म्हणून नोंद केली की पत्ता, फोन आणि ईमेल दिसतात. ही माहितीच न भरलेली ॲप्स १७ फेब्रुवारी २०२५ पासून तिथल्या स्टोअरमधून काढली गेली. ॲपलच्या या नोंदीत घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्ट बॉक्सची सोय आधी करून ठेवा.

कीज आणि सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. ॲप स्टोअरसाठीचं डिस्ट्रिब्यूशन सर्टिफिकेट वर्षभर चालतं. ते संपल्याने स्टोअरवरचं ॲप बंद पडत नाही, घाबरू नका. पुश नोटिफिकेशनसाठी सर्टिफिकेटऐवजी पी-८ की (.p8 प्रकारची किल्ली-फाइल) घ्या, ती संपत नाही. मात्र ती एकदाच डाउनलोड होते, त्यामुळे कोणाच्या तरी डाउनलोड्स फोल्डरमध्ये न ठेवता लगेच कंपनीच्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये टाका. ॲड हॉकसाठी (स्टोअरबाहेर, नोंदवलेल्या उपकरणांवरच ॲप देण्यासाठी) वर्षाला प्रत्येक प्रकारची १०० उपकरणं नोंदवता येतात आणि एखादं काढून टाकल्याने जागा परत मिळत नाही, ती रिन्यूअलनंतरच मोकळी होते. टेस्टर जास्त असतील तर टेस्टफ्लाइट (ॲपलची चाचणीची सोय) वापरा: बाहेरचे १०,००० जण, प्रत्येक बिल्डला ९० दिवस.

फक्त कर्मचाऱ्यांसाठी ॲप हवं म्हणून २९९ डॉलरच्या एंटरप्राइझ प्रोग्रॅमकडे धाव घेऊ नका. त्याला १०० पेक्षा कमी कर्मचारी असलेली कंपनी चालत नाही, आणि तिथे प्रोफाइलची मुदत संपली की ॲप उघडतच नाही. ९९ डॉलरच्या मेंबरशिपमध्येच ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या सेवेतून कस्टम ॲप (ठरावीक कंपनीलाच मिळणारं) देता येतं, किंवा अनलिस्टेड ॲपची (स्टोअरच्या शोधात न दिसणाऱ्या) लिंक मागता येते. बहुतेकांचं काम तेवढ्यात भागतं.

शेवटचा मुद्दा पैसे वाचवण्याच्या मोहाचा. ॲप बनवून देणारी एजन्सी म्हणते, आमच्याच खात्यावर टाकू, तुमची फी वाचेल. नाही म्हणा. नियमभंगाची कारवाई खात्यावर होते, आणि त्या खात्यावर आणखी कोणाची कसली ॲप्स आहेत हे तुम्हाला ठाऊक नसतं. पुढे ॲप आपल्याकडे घ्यायचं ठरलं तर ट्रान्सफर करता येतं. बंडल आयडी (ॲपची ओळख), रेटिंग, रिव्ह्यू सोबत येतात. पण टीम आयडी (खात्याची ओळख) बदलल्यामुळे कीचेनमधला (फोनवरच्या पासवर्डच्या सुरक्षित साठ्यातला) जुना डेटा पुढच्या अपडेटनंतर वाचता येत नाही आणि लोक लॉग-आउट होतात. पुशची की नवी काढावी लागते. ‘साइन इन विथ ॲपल’ (ॲपल अकाउंटने लॉगिन) असेल तर खरी अडचण तिथे आहे: त्यातला युजर आयडी टीमपुरता असतो. ट्रान्सफरच्या आधी जुन्या टीमने प्रत्येक वापरकर्त्यासाठी ट्रान्सफर आयडेंटिफायर तयार करायचा, आणि ट्रान्सफर झाल्यावर नव्या टीमने ६० दिवसांच्या आत तो देऊन नवा आयडी घ्यायचा. हे राहिलं तर जुने वापरकर्ते नव्याने खातं उघडल्यासारखे येतात आणि त्यांचा डेटा जुन्या खात्यातच राहतो. गूगलकडे दोन्ही खात्यांच्या नोंदणीचा ट्रान्झॅक्शन आयडी मागतात, म्हणून २५ डॉलरची पावती जपून ठेवा. पेआउट आणि बल्क रिपोर्ट नव्या खात्यात येत नाहीत, ते आधीच उतरवून घ्या. एजन्सीशी आधीच करार झाला असेल तर ही कामं कोण करणार आणि किती दिवसांत, हे शेवटचा हप्ता देण्याआधी लेखी घ्या.