गूगल बिझनेस प्रोफाइल: खान्देशातल्या दुकानदारासाठी कितपत कामाचं?

गूगलच्या शोधात आणि नकाशावर दुकानाचं नाव, पत्ता, वेळ आणि फोन दाखवणारी ही सेवा मोफत आहे. जळगावचा सराफ असो की रावेरचा केळी व्यापारी, वेबसाइटवर पैसे घालण्याआधी प्रोफाइल उघडावी. स्थानिक निकालांचा क्रम गूगल तीन गोष्टींवर ठरवतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नाही, जुळणी मात्र बरीचशी हातात आहे. मुख्य वर्ग, म्हणजे व्यवसायाचा प्रकार, एकच मिळतो, म्हणून मोघम ‘दुकान’ नको, ‘दागिन्यांचे दुकान’ घ्या. जोडीला आणखी 9 वर्ग चालतात. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे.

नाव मात्र पाटीवर असेल तेवढंच लिहा. त्याला ‘जळगावातील सर्वोत्तम’ असं शेपूट लावलं, तर प्रोफाइल निलंबित होऊ शकते. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी आणि शटर उघडणं किंवा गल्ला, सगळं एकाच सलग चित्रणात. मध्ये कापलेला व्हिडिओ नाकारला जातो.

मोठा दोष असा, की कोणीही बदल सुचवू शकतो, त्यामुळे वेळ किंवा फोन नंबर परस्पर बदललेला सापडतो. आठवड्यातून एकदा तपासाच.

नावलौकिकासाठी ‘हजार बॅकलिंक’चं (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांचं) पॅकेज घेऊ नका. क्रमवारीसाठी विकत घेतलेले दुवे गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत, आणि ते बहुतेक असंबद्ध, परदेशी साइटवरचे असतात. त्यापेक्षा ज्या पंपाचे किंवा ठिबकचे डीलर आहात, त्या कंपनीच्या डीलर यादीतला एक दुवा मोलाचा. व्यापारी संघटनेच्या पानावरचाही चालेल. सगळीकडे पत्ता आणि नंबर अगदी सारखा ठेवा. अभिप्राय जरूर मागा, पण त्याबदल्यात सवलत देणं नियमात बसत नाही.